पीसी सुरू होत नाही? आधी तो कुठं अडतोय ते बघा

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पीसी चालूच होईना झालाय." या एका तक्रारीखाली पाच-सहा वेगवेगळे बिघाड असतात. कुणाकडं बटण दाबल्यावर काहीच हलत नाही. कुणाचा पंखा फिरतो, पण पडदा काळाच. कुणाकडं इंग्रजीत दोन ओळी उमटतात आणि सगळं तिथंच थांबतं. कुणाचं विंडोजचं चक्र फिरतच बसतं. दुकानदाराला घाई असते, गिऱ्हाइकाला त्याहून जास्त, मग "फॉरमॅट मारून देतो" एवढ्यावर विषय मिटतो. कित्येकदा खरा दोष असतो पीसीमधल्या शंभर रुपयांच्या आतल्या नाण्यासारख्या सेलचा, आणि जातात दहा वर्षांचे फोटो.

पाटाचं पाणी शेतात पोचलं नाही तर आपण बांधाबांधानं मागं चालत जातो आणि फुटलंय कुठं ते बघतो. इथंही तसंच करायचं. वीज भिंतीतून निघते, यूपीएसमधून एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) येते, तिथून मदरबोर्डला, म्हणजे मुख्य बोर्डाला, मिळते. बोर्ड रॅम (मेमरीची पट्टी) आणि डिस्प्ले तपासतो, मग डिस्क शोधतो, आणि शेवटी विंडोज उठतं. प्रत्येक टप्पा पार झाल्याची एकेक खूण असते. खूण जिथं बंद पडते त्याच्या आसपास दोष.

कॅबिनेट उघडण्याआधी

पिन भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेला करंट उतरतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. कुठलीही वायर ओढायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. परत जोडताना याच फोटोंवर सगळी मदार असते.

एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र खोलायचा नाही. आपली २३० व्होल्टची वीज आत डीसी होते तेव्हा तिथल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात, आणि पिन काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. एसएमपीएस खराब निघाला तर बदलायचा, घरी दुरुस्त करत बसायचं नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम पुसली, केबल बदलली, सेलही नवा टाकला आणि पीसी सुरू झाला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळतच नाही. महिन्याभरानं पुन्हा तेच दुखणं आलं की पहिल्यापासून सुरुवात.

बटण दाबलं, काहीच हलत नाही

पहिला संशय यूपीएसवर घ्या. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. थकलेल्या बॅटरीमुळं कित्येक यूपीएस लाइट असतानाही नीट आउटपुट देत नाहीत, किंवा पीसीनं सुरुवातीचा झटका मागितला की टुक करून बंद पडतात. खात्री करायला सोपं आहे: यूपीएस बाजूला ठेवा, पीसीची केबल थेट भिंतीत लावा. सुरू झाला तर पीसीला हातही लावू नका, यूपीएसची बॅटरी बदला. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट, असा पुष्कळांचा समज असतो. अशा यूपीएसवर प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच चालतात. त्यावर लेझर प्रिंटर लावला असेल तर तो आजच काढा.

भिंतीत लावूनही काही नाही? सॉकेटमध्ये मिक्सर किंवा इस्त्री लावून बघा. मोबाइलचा चार्जर ढिल्या सॉकेटवरही चालतो, त्यामुळं त्यानं फसगत होते. मग पीसीची केबल बदला. तीच जाड तीन-पिन केबल मॉनिटरलाही असते, दोन्ही अदलाबदल करून कळेल. कॅबिनेटच्या मागं एसएमपीएसवर छोटा स्विच असतो, एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला शून्य. झाडलोट करताना हात लागून तो बंद झालेला असतो, आणि त्यापायी पीसी रिक्षात घालून दुकानापर्यंत आणलेले लोक आहेत.

इथपर्यंत ठीक असेल तर कॅबिनेट उघडा. समोरच्या बटणापासून बारीक जोडवायर बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर जाते, तिच्यावर पॉवर स्विच असं लिहिलेलं असतं. ती उपसा, पिन भिंतीत लावा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला तर बटण खराब. तात्पुरतं रीसेटच्या बटणाची वायर तिथं लावून काम चालतं.

नाहीच फिरला तर एसएमपीएसची चाचणी. पिन काढून २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डातून सोडवा, बाकीच्याही वायरी मोकळ्या करा, जुनी हार्डडिस्क किंवा पंखा तेवढा एसएमपीएसला जोडलेला ठेवा. हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर यांच्या भोकांत वाकवलेली कागदाची पिन घाला, आणि मगच वीज द्या. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला. फिरला तरी तो निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरीवर १२, लालवर ५, नारंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात का बघा. पाच टक्के इकडंतिकडं चालतं. पिवळ्यावर ११.४ च्या खाली आलं की नवा घ्या. काही ब्रँडेड मशीनमध्ये कनेक्टर आणि रंग वेगळे असतात, तिथं ही चाचणी करू नका.

जाता जाता अर्थिंगचं. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार गावभागातल्या जुन्या वाड्यांपासून मळ्यातल्या घरांपर्यंत सगळीकडं ऐकू येते. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतला किरकोळ करंट जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या बोटांत येतो. तीन-पिनची जाड पिन तोडून दोन-पिनच्या बोर्डात बसवलेली असली की हे होणारच. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, नवा एसएमपीएस टाकून झिणझिण्या जात नाहीत.

पंखा फिरतो, पडदा काळा

आधी कीबोर्डवरचं नम लॉकचं बटण दाबा. दिवा लागतो-विझतो? मग पीसी बहुतेक जिवंत आहे आणि तुम्हाला फक्त दिसत नाही. मॉनिटरवर "नो सिग्नल" येत असेल तर मॉनिटरही ठीक. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा, मॉनिटरचा इनपुट बरोबर निवडलाय का बघा. पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टात हवी, बोर्डाच्या नव्हे. घर बदललं किंवा दिवाळीत साफसफाई झाली की ही केबल हमखास चुकीच्या पोर्टात जाते.

नम लॉक मेलेला असेल तर रॅमकडं वळा. आपल्याकडं पावसाळ्यात नो डिस्प्लेच्या तक्रारी वाढतात, पाटण-महाबळेश्वरकडच्या ओलीत तर विचारू नका. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमध्ये ओल-धुळीचा पातळ थर बसतो आणि स्पर्श तुटतो. पिन काढा, रॅमच्या दोन्ही टोकांचे कान बाहेर दाबा, पट्टी सरळ वर काढा. पांढऱ्या मऊ खोडरबरानं दोन्ही बाजूंच्या सोनेरी पट्ट्या हलक्या हातानं पुसा. कचरा झटकून टाका, स्लॉटमध्ये तो पडू देऊ नका. स्लॉट कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा. पेट्रोल, थुंकी, ओलं फडकं यांतलं काही नको. परत बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही कान कट्‌ वाजेपर्यंत दाबा. एका बाजूचा आवाज आला आणि दुसऱ्या बाजूचा नाही, तर रॅम अर्धीच बसली. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, मग स्लॉट बदलून बघा.

बोर्डावर स्पीकर असेल तर बीप ऐका. अवॉर्ड कंपनीचा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डातला प्रोग्रॅम) असलेल्या जुन्या बोर्डांवर लांब बीप थांबून थांबून येत राहिली तर रॅम, एक लांब आणि दोन आखूड आल्या तर डिस्प्ले. दुसऱ्या कंपन्यांचे संकेत वेगळे, तेव्हा बोर्डाचं नाव बघून त्याचीच यादी शोधा. नव्या बोर्डांवर बीपऐवजी बारीक दिवे असतात, जो पेटून राहतो तिथं दोष.

तरीही अंधारच असेल तर जादाचं सगळं काढा: पेनड्राइव्ह, प्रिंटर, डीव्हीडी, हार्डडिस्क. प्रोसेसरला स्वतःची चार किंवा आठ पिनांची वायर असते, ती ढिली झाली की पंखे फिरतात आणि पुढं काही होत नाही. समोरच्या यूएसबी पोर्टात वाकलेली पिन किंवा गंज असला की शॉर्ट होऊन मशीन चालू-बंद, चालू-बंद करत राहतं. त्या पोर्टची वायर बोर्डातून उपसून बघा. बोर्डावरचे दंडगोल कपॅसिटर माथ्यावर फुगलेले किंवा ओघळलेले दिसले तर पुढं घरी करण्यासारखं काही नाही.

दहा मिनिटं चालतो आणि मिटतो

हा सांगलीचा खास आजार. मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असताना एका अडत दुकानातला पीसी उघडला होता. दिवाणजींचं निदान तयार होतं, "साहेब, व्हायरस असंल बघा, टॅली उघडली की मिटतंय." बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान लावून ठेवलं. बघता बघता आकडा नव्वदीत गेला. पंखा सोडवला तर खाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा) पात्यांमध्ये पिवळा जाड थर, नखानं सोलला तर सलग पापुद्रा निघत होता. वरून पंखा जोरात फिरत होता, पण वारा खाली पोचायला वाटच नव्हती. इतकी वर्षं ब्लोअर मारून घेत होते, पण तो कॅबिनेट बंद ठेवून बाहेरून.

कारखान्याच्या पट्ट्यात हंगामात काजळी पडते, तिथंही हेच होतं. पंखा काढून पाती ब्रशनं साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो बेफाम फिरून बेअरिंग जातं. हीटसिंक उचललाच तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या खाचांना पट्ट्या बसवा. पाली आणि झुरळं तिथूनच आत जातात.

पांढऱ्या अक्षरांवर थांबतो

"नो बूटेबल डिव्हाइस", "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" अशा ओळी आल्या म्हणजे वीज, रॅम, डिस्प्ले सगळं पास झालं. अडलंय ते डिस्कपाशी. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढून पुन्हा सुरू करा, निम्म्या केसेस इथंच सुटतात. नाही सुटली तर सुरू होताना डिलीट किंवा एफ-दोन दाबत बायोसमध्ये जा. एचपीला एफ-दहा. तिथं डिस्कचं नाव दिसतं का?

नाव दिसत नसेल तर डिस्कची साटा (डेटाची) केबल आणि पॉवरची वायर काढून पुन्हा लावा, केबल बदला, बोर्डावरचा पोर्ट बदला. हार्डडिस्क टक्‌ टक्‌ करत असेल तर तत्क्षणी बंद करा. ती पुन्हा पुन्हा सुरू करून बघण्यानं आतल्या तबकडीवर ओरखडे वाढतात. आत काही मोलाचं असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडंच द्या. एसएसडीचं (फिरती तबकडी नसलेली डिस्क) दुखणं वेगळं, ती आवाज न करता एका दिवशी गायब होते.

नाव दिसतंय, तरी विंडोज येत नाही, आणि शिवाय बायोसमधली तारीख पाच-सात वर्षं मागची? मग बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपलाय, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. लोकांना वाटतं सेलचा संबंध फक्त घड्याळाशी. पण सेल संपल्यावर लाइट गेली की बायोसची सगळी सेटिंग्ज कारखान्यातून आली तशी होतात. जुन्या पद्धतीनं विंडोज टाकलेलं असेल तर ते लेगसी (जुन्या) मोडमध्ये उठतं, आणि सेटिंग रीसेट होऊन फक्त यूईएफआय (नवा मोड) चालू राहिलं की बायोसला विंडोज सापडत नाही. साटाचा, म्हणजे डिस्कशी बोलण्याचा, मोड एएचसीआय-आयडीई असा बदलला तर विंडोज निळ्या पडद्यावर कोसळतं. सगळा डेटा जागच्या जागी असतो आणि समोरचा म्हणतो, "विंडोज उडालंय." नवा सेल टाका, तारीख लावा, बूट मोड आणि साटा मोड आधीसारखे करा, डिस्क पहिल्या क्रमांकाला आणा आणि सेव्ह करा. आधीचं आठवत नसेल तर एकेक पर्याय बदलून बघितल्यानं डेटा जात नाही. फक्त रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची सोय) नावाच्या पर्यायात शिरून नवा ॲरे वगैरे बनवू नका.

एक सावधगिरी. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर बायोसमध्ये असे बदल केले की बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. घाबरू नका. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं पीसी चालतो त्याच अकाउंटनं मोबाइलवर लॉगिन केलं की ती की बहुधा तिथं मिळते.

चक्र फिरत राहतं

अपडेट चालू असेल तर तासभर थांबा. त्यानंतरही हालचाल नसेल तर विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर येतं. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर करून बघा. नाही जमलं आणि बिघाड नुकत्याच आलेल्या अपडेटनंतरचा असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. मग सिस्टिम रिस्टोअर. स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबलं की सेफ मोड येतो. सेफ मोडमध्ये नीट चालत असेल तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नव्या सॉफ्टवेअरचा. शेवटी काय टाकलं होतं ते आठवा आणि काढा. पडदा काळा आणि नुसता माउसचा बाण असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो.

रोज एकदा अडकतो आणि दुसऱ्या वेळी नीट येतो, असं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. या सोयीत शट डाउन केलं तरी विंडोजचा काही भाग डिस्कवर गोठवून ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढायची.

"विंडोज १० बंद झालंय, म्हणून सुरू होत नाही," असं कुणी सांगितलं तर मानू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली. पीसी त्या तारखेनं बंद पडत नाही.

वळीव आणि पूर

एप्रिल-मेमध्ये ढग वाजायला लागले की पिन काढाच, आणि लॅनची केबलही. वीज राउटरमार्गे लॅनमधून येऊन बोर्ड जाळते तेव्हा महागडा यूपीएस काही करू शकत नाही. बाजारात स्पाइक बस्टर म्हणून मिळणारे निम्मे बोर्ड नुसते एक्स्टेंशन असतात.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी शिरलं आणि पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी स्विच टाकून बघितला. ओला पीसी सुरू करून बघायचा नसतो. पिन काढा, सेलही काढा, कारण पीसी बंद असला तरी सेलचा करंट ओल्या बोर्डावर गंज चढवत राहतो. एसएमपीएस टाकून द्या. हार्डडिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असू शकतं, ती फिरवू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की कॅबिनेट माडीवर न्यायचा. मॉनिटर राहिला तरी चालेल.

फॉरमॅटचं काय?

सगळं करून झालं की मगच. आणि त्याआधी डेटा काढून घ्यायचा. दुसऱ्या पीसीवर लिनक्स मिंट किंवा उबंटूचा पेनड्राइव्ह बनवा, बूट मेन्यूतून तो निवडा, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय करा. जुनी डिस्क दिसते, फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करता येतात. "माझं सगळं डीमध्ये आहे," असं म्हणणाऱ्यांनी लक्ष द्या: डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही फोल्डर सहसा सीमध्येच असतात. व्हॉट्सॲपवरून उतरवलेले सातबारे, पोरांच्या प्रवेशाची कागदपत्रं तिथंच पडलेली असतात. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते विचारून घ्या. मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी वापरत असाल तर तिची डाँगल (परवान्याचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) आणि मूळ सीडी हाताशी आहे का ते आधी बघा.

दुकानात देताना कागदावर लिहून द्या: केव्हापासून, कुठल्या खुणेपर्यंत येतो, तुम्ही काय काय करून पाहिलं, आणि न विचारता फॉरमॅट नको. बदललेला जुना पार्ट परत मागा. डिस्कमध्ये खासगी काही असेल तर ती काढून घरी ठेवली तरी रॅम-बोर्डाचं काम होतं. फक्त तसं दुकानदाराला आधी सांगा, नाहीतर तो दुपारभर "नो बूटेबल डिव्हाइस"च्या मागं लागेल आणि त्याचेही पैसे लावेल.